कंपवाताच्या संशोधनाला देणगी देताना

घरातल्या माणसाची पावले आखूड होत गेलेली आणि सही दर महिन्याला बारीक होत गेलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कंपवातावरील, म्हणजेच पार्किन्सनच्या आजारावरील, संशोधनासाठी काही द्यावेसे वाटते. मात्र रक्कम ठरवण्याआधी हा पैसा कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी द्यायचा, ते ठरवावे.

त्यासाठी थोडा इतिहास ठाऊक हवा. १९६० साली व्हिएन्नात औषधशास्त्रज्ञ ओलेह हॉर्निकिएविच यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे नमुने तपासले. निरोगी मेंदूच्या अर्कात ठरावीक रसायन मिसळले की गुलाबी रंग येई. कंपवाताच्या रुग्णांच्या नमुन्यांत मात्र त्याची छटा जेमतेम उमटली. हालचालींचे संदेश वाहणारे डोपामाइन हे मेंदूतील रसायन घटल्याचे असे नुसत्या डोळ्यांनी दिसले आणि पुढच्याच वर्षी, मेंदूत ज्याचे डोपामाइन बनते ते लेवोडोपा रुग्णांना देऊन पाहण्यात आले. आजही तेच प्रमुख औषध आहे. त्याने हालचाल सुधारते, पण मेंदूतील पेशींचा ऱ्हास थांबत नाही, आणि तो थांबवणारा उपाय अजून सिद्ध झालेला नाही. माझ्या मते देणगीदाराने पहिले लक्ष याच उणिवेकडे द्यावे.

कारणांचा शोध घेणारे काम निवडायचे असेल, तर त्याला वेळ लागतो हे आधीच स्वीकारावे. अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा या आजाराशी असलेला संबंध १९९७ मध्ये उघड झाला, आणि त्याच वर्षी मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या गुठळ्यांमध्येही हेच प्रथिन आढळले. तरीही बहुसंख्य रुग्णांत आजाराचे एकच एक कारण दाखवता येत नाही. शिवाय कंप दिसू लागतो तोवर मेंदूतील पुष्कळ पेशी गेलेल्या असतात, म्हणून माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे अभ्यास मोलाचे ठरतात. कंपवातावरील संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनने २०१० मध्ये असा एक अभ्यास सुरू केला. त्यातील नमुन्यांवरूनच २०२३ मध्ये असे दिसून आले की, मेंदूभोवतीच्या द्रवाच्या चाचणीतून या प्रथिनाची विकृती ओळखता येते. अशा कामाला एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा न चुकता येणारी लहान रक्कम अधिक उपयोगी पडते, कारण संशोधकांचे पगार आणि नमुन्यांचे शीतकपाट दोन्ही रोज चालू ठेवावे लागतात.

संस्था निवडताना काही गोष्टी लेखी विचाराव्यात. अर्जांची छाननी बाहेरचे तज्ज्ञ करतात का, औषधाच्या चाचणीची आगाऊ सार्वजनिक नोंदणी होते का, आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध केले जातात का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत काळजीपूर्वक वाचतो. मधुमेहावरील एक्झेनाटाइड या औषधाने कंपवातात आशा निर्माण केली होती, पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. त्या चाचणीवरचा पैसा वाया गेला असे मी मानत नाही, कारण तो निष्कर्ष दडपला गेला असता तर रुग्ण फुकट आशेवर औषध घेत राहिले असते. याउलट, खात्रीने बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्या किंवा प्रयोगात सहभागी होण्यासाठी रुग्णाकडूनच मोठी रक्कम मागणाऱ्या ठिकाणी काहीही देऊ नये.

एखाद्या विशिष्ट प्रकल्पाला अट घालून देणगी देता येते. पण संस्थेवर विश्वास बसला असेल, तर अट न घालणे बरे. पावती आणि करसवलतीचे नियम देशागणिक बदलतात, ते आधी पाहून घ्यावेत.

पैशाखेरीजही देण्यासारखे आहे. चाचण्यांना तुलनेसाठी निरोगी माणसे लागतात, आणि दान केलेले मेंदू संशोधनासाठी जपणाऱ्या मेंदूपेढ्यांना निरोगी मेंदूही हवे असतात. मेंदूदानाची संमती मात्र हयातीतच नोंदवावी आणि घरच्यांना तसे स्पष्ट सांगून ठेवावे, कारण मृत्यूनंतर पेढीला कळवायला फार थोडा वेळ हाताशी असतो.