ऑफ्थॅल्मोस्कोप उचलण्याआधी

शिकाऊ डॉक्टर ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा पाहायचं हातातलं यंत्र, घेऊन रुग्णाच्या डोळ्याशी झगडतात आणि म्हणतात, "आत काहीच दिसत नाही." बहुतेक वेळा चूक डोळ्याची किंवा यंत्राची नसते, तयारीची असते. म्हणून रुग्ण खुर्चीत बसायच्या आधीच कामाला लागावं.

आधी हँडल. ते रात्रभर चार्जिंगला होतं ना? बॅटरी उतरली की प्रकाश पिवळट होतो आणि फिकट डिस्क (दृष्टीची नस डोळ्याला जोडते ती गोल जागा) निरोगी वाटू शकते, म्हणून आदल्या दिवशीच तपासा. जादा बल्ब जवळ असू द्या. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. मग प्रकाश तळहातावर पाडून एकेक छिद्र फिरवून बघा: लहान गोल लहान बाहुलीसाठी, मोठा गोल औषधाने फैलावलेल्या बाहुलीसाठी, हिरवा फिल्टर बारीक रक्तस्राव आणि रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून. भिंगांची चकती शून्यावर आणून ठेवा. कपाळाला टेकणारा भाग आणि पकड पुसून घ्या.

खोली अंधारी करा. यात आळस नको. उजेडात बाहुली आकसते आणि निम्मी मेहनत वाया जाते. रुग्णाला नजर खिळवायला दूरचा एक ठिपका ठरवून द्या. जवळ पाहिलं तरी बाहुली आकसते, म्हणून दूरचाच.

बाहुली फैलावणारे थेंब घालायचे असतील तर त्याआधी चार गोष्टी. दृष्टी मोजून लिहून ठेवा. दोन्ही बाहुल्यांची प्रकाशाला मिळणारी प्रतिक्रिया पाहा, कारण थेंबानंतर ती पाहता येणार नाही. बाहेरच्या कोपऱ्याकडून टॉर्च आडवा धरा. नाकाकडच्या बुबुळावर सावली पडली तर पुढचा कप्पा उथळ असू शकतो आणि बाहुली फैलावल्यावर काचबिंदूचा झटका येण्याचा धोका असतो. अशा वेळी वरिष्ठांना विचारल्याशिवाय थेंब नको. डोक्याला मार लागलेल्या रुग्णालाही नको, त्याच्या बाहुल्यांवर लक्ष ठेवायचं असतं. बाकीच्यांना ट्रॉपिकामाइडचे थेंब घालून २० ते ३० मिनिटं थांबा. घातल्याची वेळ नोंदवा, नाहीतर पुढच्या पाळीचा डॉक्टर ती मोठी बाहुली पाहून घाबरेल. काही तास जवळचं अंधुक दिसेल, उन्हाचा त्रास होईल, गाडी चालवता येणार नाही, हे रुग्णाला आधीच सांगा, म्हणजे तो सोबत कुणाला तरी घेऊन येईल.

आता उभं कसं राहायचं. रुग्णाचा उजवा डोळा आपल्या उजव्या हाताने, उजव्या डोळ्याने, डावा डाव्याने. हा नियम मोडला की नाकाला नाक लागतं. हातभर अंतरावरून आधी बाहुलीतून परत येणारी लाल चमक पाहा. ती काळवंडली असेल तर वाटेत मोतीबिंदू असू शकतो. लहान मुलात पांढरी दिसली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. रेटिनोब्लास्टोमा हा तिथे लपलेला कर्करोग असू शकतो. मला या एका तपासणीचं मोल बाकी साऱ्यांहून अधिक वाटतं.

चमक नजरेतून न सोडता बाहेरच्या बाजूने, साधारण १५ अंशांच्या तिरक्या वाटेने जवळ या. यंत्र स्वतःच्या भुवईला घट्ट टेकलेलं हवं. या यंत्राचा शोध लावणाऱ्या हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये मांडलेली युक्ती हीच: प्रकाश आणि नजर एकाच रेषेत. हात हलला की रेषा मोडते. या तिरक्या वाटेने डिस्क समोर येते. नाही आली तर रक्तवाहिनीची फांदी शोधा. फाट्याचं टोक डिस्ककडे दाखवतं. धूसर असेल तर भिंगांची चकती फिरवा. चित्र सुमारे १५ पट मोठं पण तुकडा इवलासा, म्हणून चारही दिशांनी वाहिन्यांच्या मागे जा. मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा सर्वांत स्पष्ट पाहणारा मधला भाग, शेवटी, रुग्णाला थेट प्रकाशाकडे बघायला सांगून, कारण तो प्रकाश सर्वांत झोंबतो.

दृष्टिपटलाच्या कडा या यंत्राने दिसत नाहीत. त्यासाठी डोक्याला लावायचं इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप आणि हातातलं २० डायऑप्टर शक्तीचं भिंग लागतं. डोळ्यासमोर विजा चमकतात, काळे ठिपके अचानक वाढले असं कुणी म्हणत असेल तर हातातल्या यंत्रावर समाधान मानू नका, पुढे पाठवा.

कागदावर दोन डोळ्यांसाठी दोन वर्तुळं आधीच काढून ठेवा आणि डिस्कची कड, रंग, कप (डिस्कमधला खळगा), वाहिन्या लगेच उतरवा. जे दिसलं नाही तिथे "दिसलं नाही" असंच लिहा, "नॉर्मल" नको. मग हँडल परत चार्जिंगला.