छोट्या संगणकाचा डेस्कटॉप दुरून पाहायचा, तर कोणत्या मार्गाने?

तासगाव तालुक्यातील एखाद्या द्राक्षबागेच्या पंपघरात रास्पबेरी पाय (‘पाय’ म्हणून ओळखला जाणारा तळहाताएवढा संगणक) हवामानाच्या नोंदी घेत बसलेला आहे, त्याला मॉनिटर नाही की कीबोर्ड नाही, आणि बागायतदाराला सांगलीच्या घरातून त्याचा डेस्कटॉप पाहायचा आहे, असे समजू. सॉफ्टवेअर शोधण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: आपण त्याच वाय-फायवर आहोत की बाहेरून येणार आहोत, आणि पायवर आधीच सुरू असलेला पडदा पाहायचा आहे की आपल्यापुरते नवे सत्र चालणार आहे. केवळ नोंदींची फाइल पाहायची किंवा एखादा प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा असेल, तर डेस्कटॉपची गरजच नाही. दुरून केवळ मजकुरी आज्ञा देण्याची एसएसएच ही सोय पुरेशी आहे आणि कमकुवत नेटवर्कवर तेच टिकते.

सुरू असलेलाच पडदा हवा असेल, तर एका संगणकाचा पडदा दुसऱ्यावर दाखवणारे व्हीएनसी घ्यावे. आलेखाची खिडकी उघडी ठेवून आपण निघून आलो असलो, तर ती जशीच्या तशी समोर येते. पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या प्रोग्रॅममधील ‘इंटरफेस ऑप्शन्स’खाली व्हीएनसी सुरू करावे, लॅपटॉपवरील व्ह्यूअरमध्ये पायचे नाव आणि पुढे ‘.लोकल’ असे लिहावे, मग पायवरील आपलेच वापरकर्तानाव व पासवर्ड द्यावा. इथे एक अडचण हमखास येते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बुकवर्म आवृत्तीत पाय ४ आणि पाय ५ वर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स११ या जुन्या यंत्रणेच्या जागी वेलँड ही नवी यंत्रणा आली, पूर्वीचा रिअलव्हीएनसी सर्व्हर वेलँडवर चालत नसल्याने त्याची जागा वेव्हीएनसीने घेतली, आणि म्हणून जुन्या लेखांतील निम्म्या सूचना आता लागू पडत नाहीत. व्ह्यूअर म्हणून टायगरव्हीएनसी चालतो. मॉनिटर न जोडलेल्या पायवर पडदा फार लहान दिसला, तर रास्पी-कॉन्फिगमध्येच हेडलेस रिझोल्यूशन ठरवता येते.

दुसरा मार्ग एक्सआरडीपीचा, म्हणजे पायवर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप पद्धतीचा सर्व्हर बसवण्याचा. त्याचे आकर्षण असे की विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपचा प्रोग्रॅम आधीपासूनच असतो, त्यामुळे लॅपटॉपवर काहीच बसवावे लागत नाही. परंतु तो बहुधा नवे सत्र उघडतो; पंपघरातील पडद्यावर जे चालू आहे, ते त्यात दिसत नाही. त्याच वापरकर्त्याने आधीच लॉग-इन केलेले असेल, तर कित्येकदा नुसता काळा पडदा समोर येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता करणे बरे. शिवाय दुसरा डेस्कटॉप म्हणजे मेमरीवर दुसरा भार, आणि ५१२ एमबीच्या पाय झीरो २ डब्ल्यूवर मी तरी हा मार्ग घेणार नाही. एसएसएचमधून एक्स११ ची एकच खिडकी मागवण्याची सोयही आहे, पण ती घरातल्या नेटवर्कपुरतीच. इंटरनेटवरून ती असह्य संथ होते.

आता मुख्य प्रश्न बाहेरून येण्याचा. पुष्कळ जण राउटरमध्ये ५९०० (व्हीएनसीचा) किंवा ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा) हा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांकित दरवाजा, बाहेरच्या जगासाठी उघडतात. हे करू नये. अशा पोर्टवर स्वयंचलित चाचपणी अखंड चालू असते, आणि व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत तर पासवर्डची पहिली आठच अक्षरे विचारात घेतली जातात. शिवाय शेतावरचा राउटर मोबाइलच्या सिमवर चालत असेल, तर त्याला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा) बहुधा मिळतच नाही, आणि पोर्ट उघडूनही हाती काही लागत नाही. त्यापेक्षा रास्पबेरी पाय कनेक्ट वापरावे. २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या या सेवेत पायचा पडदा थेट ब्राउझरमध्ये दिसतो; शक्य असेल तेथे दोन्ही टोके थेट जोडली जातात, नसेल तर सर्व्हरमार्फत. मात्र पडदा पाहण्यासाठी पायवर वेलँड हवे. कोणाच्या खात्यावर अवलंबून राहायचे नसेल आणि सार्वजनिक पत्ता असलेला एखादा संगणक आपल्याकडे असेल, तर वायरगार्ड या सॉफ्टवेअरने आपल्या संगणकांचे सांकेतिक, खासगी जाळे (व्हीपीएन) उभारून त्यातून व्हीएनसी वापरावे. मेहनत जास्त, पण ताबा पूर्ण आपला.

कोणताही मार्ग निवडला तरी एसएसएच सुरूच ठेवावे. पंपघरातील वीज जाऊन परत आली की पाय आपोआप उठतो, पण डेस्कटॉप उठेलच असे नाही, आणि तेव्हा पंधरा-वीस मैल गाडी हाकण्याऐवजी एका आज्ञेत तो पुन्हा सुरू करता येतो.