गॉथेनबर्गला जाऊन व्होल्वो घेणार असाल तर ही तयारी करा, आणि सगळ्यात आधी लोनचं बघा

अमेरिकेत बसून गाडी बुक करायची, स्वीडनला जाऊन कारखान्यातून ताब्यात घ्यायची, थोडं युरोप फिरायचं आणि मग तीच गाडी जहाजाने घरी मागवायची, ही सोय आता फार थोड्या कंपन्यांकडे उरलीये. बीएमडब्ल्यूचं म्युनिकचं २०२० साली बंद झालं. व्होल्वोचं चालू आहे आणि ओळखीतले बरेच जण विचारतायत म्हणून हे लिहितोय. मागच्या वेळी आमचं लोन ऐनवेळी अडकलं आणि साठवलेले सगळे पैसे उपसून गाडीची रक्कम भरावी लागली, त्यामुळे खाली लोनचं पुन्हा पुन्हा येणार आहे, ते गाळून पुढे जाऊ नका.

तर लोन. इथे नेहमीसारखी गाडी घेतली की डीलर थोड्याच दिवसांत रजिस्ट्रेशन आणि टायटलचे (गाडीच्या मालकीचे) कागद पाठवतो, बँकेचं नाव टायटलवर चढतं, बँक खूश. या प्रकारात मात्र गाडीचे पूर्ण पैसे तुम्ही विमानात बसायच्या आधी भरायचे असतात, आणि तुमच्या राज्यातलं टायटल होतं गाडी जहाजातून उतरून डीलरकडे पोचल्यावर, म्हणजे मध्ये काही महिनेसुद्धा जाऊ शकतात. तेवढे दिवस बँकेने पैसे दिलेत पण तिच्या हातात टायटल नाही. बऱ्याच क्रेडिट युनियनना (सभासदांच्या पतसंस्थांना) हे चालत नाही, आणि फोनवर बोलणाऱ्या माणसाला हा प्रकारच माहीत नसतो, तो "हो हो, अप्रूव्ह झालंय" म्हणून मोकळा होतो. अप्रूव्ह होणं आणि पैसे सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून दोन प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या: गाडी देशाबाहेर असताना पैसे सोडणार का, आणि टायटलसाठी किती दिवस थांबणार. तिसरं म्हणजे अप्रूव्हलची मुदत. ती बहुतेक वेळा महिना-दोन महिने असते आणि ऑर्डर दिल्यापासून पैसे भरेपर्यंत त्यापेक्षा जास्त काळ जातो, त्यामुळे ऑर्डरच्या दिवशी घेतलेला व्याजदर पैसे भरायच्या दिवशी राहील असं धरून चालू नका. कंपनीच्या स्वतःच्या फायनान्सला ही पद्धत माहीत असते, दर थोडा जास्त वाटला तरी तिथलं कोटेशन हाताशी ठेवा. आणि हप्ता पैसे सुटल्यावर सुरू होतो, गाडी समुद्रात असली तरी, तेही बजेटमध्ये धरा.

डीलर असा शोधा ज्याने हे आधी केलंय. नुसतं "करू ना, काही प्रॉब्लेम नाही" म्हणणारा नको. तिकिटं, हॉटेल, इन्शुरन्स यातलं काय किमतीत धरलंय ते बदलत असतं, लेखी घ्या. मॉडेल ठरवण्याआधी ते कुठे बनतं बघा, एक्ससी९० आणि एक्ससी६० गॉथेनबर्गजवळच्या टोर्सलांडाला बनतात, ईएक्स९० साउथ कॅरोलायनात, तिच्यासाठी स्वीडनला जाण्यात अर्थ नाही. तारीख निवडताना जुलै टाळा. आपण पोरांच्या सुट्ट्या बघून नेमका जुलै धरतो आणि स्वीडनमधले कारखाने तेव्हा उन्हाळी सुट्टीवर असतात, म्हणजे कारखाना बघायचा राहतो, आणि तो १९६४ पासूनचा कारखाना बघणं हा या सगळ्यातला मोठा आनंद आहे. तारीख पक्की झाली की बँकेला कळवा. हो, परत.

व्हिसा. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतो, ग्रीनकार्ड असलं तरी लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. स्वीडनकडे अर्ज करायचा असेल तर मुक्कामही तिथेच जास्त हवा, दोन रात्री गॉथेनबर्ग आणि आठ रात्री इटली असं असेल तर अर्ज इटलीकडे जातो. ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं. एच-वन-बीवाल्यांनी (अमेरिकेत कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी) पासपोर्टवरचा परतीचा व्हिसा स्टॅम्प चालू आहे का बघा. आय-७९७ (मंजुरीचं पत्र) हातात असलं म्हणजे झालं असं नाही, आणि स्टॅम्प संपलेला असताना कॅनडाहून परत येता येतं ती सवलत युरोपाला लागू नाही. आईबाबा भारतातून थेट गॉथेनबर्गला येणार असतील तर त्यांचा अर्ज वेगळा, तिकडून, आणि आधी सुरू करा.

लायसन्स लागणारच. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट एएए या मोटार क्लबच्या ऑफिसातून घेऊन ठेवा, इटली-ऑस्ट्रियाकडे उतरणार असाल तर ते हवंच. गाडी चालवणाऱ्या दोघांची नावं कागदपत्रांवर घाला. युरोपातला इन्शुरन्स ठरावीक दिवसांचाच असतो, जास्त राहणार असाल तर आधी वाढवून घ्या. पोरांच्या अमेरिकन कारसीटला युरोपची मान्यता नसते, तिथे भाड्याने घ्या, स्वीडनमध्ये १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला सीट किंवा बूस्टर लागतंच.

पूजा करणार असालच. नारळ न्यायला हरकत नाही, युरोपात नारळाला वनस्पतींचं आरोग्य-प्रमाणपत्र लागत नाही, चाकाखालचं लिंबू मात्र तिथल्याच दुकानात घ्या. आणि अक्षता जपून. डिकीच्या कार्पेटच्या शिवणीत आणि सीटच्या रुळांत तांदळाचे दाणे जाऊन बसतात आणि ही गाडी पुढे अमेरिकेच्या बंदरात तपासणीला जाणार आहे, तिथे धान्य, बिया, माती काही चालत नाही. बॉनेटवर कुंकवाचं बोट लावा, हार घाला, फोटो काढा, अक्षता हातातच ठेवा.

निघायच्या आदल्या आठवड्यात बँकेला फोन करून पैसे खरंच पोचलेत का विचारा आणि डीलरकडून पोच घ्या. मी हे तिसऱ्यांदा लिहितोय कारण तिकिटं काढून झाल्यावर आणि सुट्टी मंजूर झाल्यावर हातात काहीच राहत नाही, बँक नाही म्हणाली की पैसे तुम्हीच उभे करायचे.

गाडी हातात आली की चारही बाजूंनी आणि चाकांचे जवळून फोटो काढा, ओडोमीटरचाही. प्लग-इन (चार्ज करता येणारी हायब्रिड) घेतलीत तर लक्षात ठेवा, अमेरिकन गाडीचं चार्जिंग सॉकेट वेगळं असतं, युरोपातल्या पोलवरची टाइप-टू वायर त्यात बसत नाही, अ‍ॅडॅप्टर नसेल तर सरळ पेट्रोलवर फिरा. पंपावर "बेन्सिन" म्हणजे पेट्रोल. स्पीड किलोमीटरमध्ये करून घ्या. स्वीडनमध्ये जास्तीत जास्त १२०, कॅमेरे जागोजागी. दारूची मर्यादा दर हजारी ०.२ (अमेरिकन मापात ०.०२ टक्के), म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या पाव हिश्शाला, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने एक बिअरसुद्धा नको. गॉथेनबर्ग शहरात गर्दीच्या वेळेचा कर कॅमेऱ्यावरून लागतो. कोपनहेगनला जायचं तर माल्मोहून ओरेसुंडचा पूल, टोल बराच आहे पण जा, मजा येते. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियाला काचेवरचा विन्येट (महामार्गाच्या टोलचं स्टिकर). हिवाळ्यात जाणार असाल तर १ डिसेंबर ते ३१ मार्च रस्त्यावर बर्फ असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे, ते कोण बसवून देणार हे ऑर्डर देतानाच विचारा.

गाडी जहाजाने पाठवण्यासाठी परत सोडताना धुवून घ्या, खालूनसुद्धा, चाकांच्या वरच्या खोबणीत चिखल राहतो. आतलं सगळं काढा, पोरांची खेळणी, खाऊ, छत्री, सगळं, सामान भरून पाठवायचं नसतं. परत फोटो. सोडल्याची पावती घ्या.

मग वाट बघायची. जहाज, कस्टम्स, बंदर ते डीलर, उशीर होतोच, रोज फोन करून काही होत नाही. ही वाट बघत असताना मात्र बँकेला एक ईमेल टाका, गाडी अमुक तारखेला जहाजावर चढली, टायटलला वेळ लागेल म्हणून, नाहीतर त्यांची "टायटल कुठे आहे" अशी पत्रं सुरू होतात, आणि काही जण व्याजदर वाढवतात. डीलरकडे टायटलवर बँकेचं नाव बरोबर पडलंय का स्वतः वाचून बघा.

बाकी डीलरकडे नेहमीचंच: सेल्स टॅक्स, नंबर प्लेट, इथला इन्शुरन्स चालू करणं, दुसरी किल्ली मागून घेणं. ओरखडा दिसला तर सही करायच्या आधी गॉथेनबर्गचे फोटो दाखवा.