कुंडीतला मोगरा: ताण, छाटणी आणि उन्हाळाभर कळ्या

पानं हिरवीगार, झाड कमरेएवढं, पाणी-खत वेळच्या वेळी, तरी कळीचा पत्ता नाही. मोगऱ्याबद्दलची तक्रार बहुधा हीच असते आणि उपाय म्हणून लोक आणखी खत घालतात. झाडाला खत नको असतं, कात्री हवी असते. मोगऱ्याची कळी येते ती नव्या फुटीच्या शेंड्याला. जुनी, तपकिरी झालेली काडी नुसती पानं सांभाळत बसते. जितके नवे फुटवे, तितके कळ्यांचे घोस, हा सगळा हिशोब आहे.

म्हणून उन्हाळ्याची तयारी थंडीतच सुरू होते. थंडी ओसरायच्या बेतात असताना, साधारण जानेवारीच्या मध्यावर, आठ-दहा दिवस पाणी तोडायचं. बागाईतदार ज्याला ताण देणं म्हणतात तोच प्रकार, फक्त कुंडीच्या मापाने. कुंडीतली माती थोडकीच असते, त्यामुळे पार कोरडीठाक होऊ द्यायची नाही. पानं मलूल दिसली की अर्धा तांब्या पाणी द्यायचं. थोडी पानं पिवळी पडून गळाली तर घाबरू नका, तेच हवंय.

मग छाटणी. दोन फुटांचं झाड असेल तर मातीपासून दहा-बारा इंच ठेवून बाकीचं उतरवायचं. हात कापतो खरा, पण नुसते शेंडे खुडून भागत नाही. आधी वाळक्या, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या काड्या बुडापासून काढा, म्हणजे झाडाचा सांगाडा नीट दिसतो. मग प्रत्येक फांदी बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट जिथून येते त्या उंचवट्याच्या, पाव इंच वर तिरकी कापा. डोळ्याला खेटून कापलं तर तो सुकतो. फार वर कापलं तर मधला खुंट वाळतो आणि कधी कधी ती वाळवण खाली उतरत जाते. कात्री धारदार हवी, स्पिरिटने पुसलेली. स्वयंपाकघरातल्या बोथट कात्रीने काडी चेचली जाते. उरलेली पानंही हाताने खुडून टाका. उघडंबोडकं झाड बघून घरात कोणीतरी हळहळणार, हे धरूनच चाला.

त्याच दिवशी खुरप्याने वरची दोन इंच माती मोकळी करून खत द्या. बारा इंची कुंडीला दोन ओंजळी जुनं शेणखत किंवा गांडूळखत, दोन मोठे चमचे कडुनिंबाची पेंड आणि एक मोठा चमचा हाडांचा चुरा. वर माती ओढून भरपूर पाणी द्यायचं. घरात कुत्रा असेल तर हाडांचा चुरा वगळा, वासाने तो कुंडी उकरून काढतो. एरंडीची पेंड तर अशा घरात आणूच नका, ती कुत्र्याला विषारी असते. मोगरा स्वतः मात्र कुत्र्या-मांजरांना निर्धोक आहे, मांजराने पान चघळलं तरी बिघडत नाही.

झाड दोन वर्षं त्याच कुंडीत असेल तर छाटणीबरोबर मातीही बदला. मुळांचा गड्डा काढून खालचा दोन इंचांचा थर सुरीने कापायचा. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस, हे मिश्रण मोगऱ्याला मानवतं. नुसती काळी माती कुंडीत नको. ती उन्हात भेगाळते, पाणी कडेने निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात.

छाटणीनंतर दोन आठवड्यांत डोळे फुटतात आणि साधारण महिना-दीड महिन्यात पहिला बहर येतो. फुटवे बोटभर झाले की दर पंधरा दिवसांनी पेंडीचं पाणी द्या. शंभर ग्रॅम शेंगदाणा पेंड एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवायची, त्यातलं एक भांडं दहा भांडी पाण्यात मिसळायचं आणि कुंडीला अर्धा लिटर घालायचं. वास जबरदस्त येतो, त्यामुळे बादलीवर झाकण ठेवा आणि हे काम शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद असताना उरका. युरियाला हात लावू नका. पानं वाढतील, कळ्या रुसतील.

ऊन मात्र विकत मिळत नाही. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर वरचं सगळं वाया जातं. उत्तरेकडच्या गॅलरीत मोगऱ्याचा हट्ट न धरलेला बरा. उलट गच्चीवर कडक ऊन आहे म्हणून हिरवी जाळी लावायचीही गरज नाही. तापते ती कुंडीखालची फरशी. कुंडी दोन विटांवर ठेवली की मुळं भाजत नाहीत आणि खालचं भोकही मोकळं राहतं.

पाणी सकाळी द्यायचं. मातीत दोन पेरं बोट घाला. ओल लागली तर पाणी नको. एप्रिल-मेमध्ये मातीच्या कुंडीला संध्याकाळीही थोडं लागतं, प्लास्टिकच्या कुंडीला बहुधा लागत नाही. गच्चीवरच्या नळीतलं सुरुवातीचं पाणी उकळत्या चहासारखं तापलेलं असतं, ते आधी बादलीत सोडा. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी दोन-तीन दिवसांनी ओतून द्या, नाहीतर डासांची सोय होते.

पहिला बहर सरला की कात्री पुन्हा काढा. जिथे फुलं येऊन गेली तिथून खाली दोन पानांच्या जोड्या सोडून शेंडा कापायचा. महिन्याभरात पुढचा बहर. हे दर बहरानंतर केलं तर जूनपर्यंत झाड थकत नाही. जानेवारीची छाटणी राहूनच गेली असेल तर मार्चमध्येही चालते, फुलं थोडी उशिरा येतील इतकंच. भर मे महिन्यात मात्र झाड बोडकं करू नका.

आता रोगराई. पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके आणि पानाखाली बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी, कोरड्या उष्म्यातला हमखास पाहुणा. आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने तीन-चार दिवस मारा. नाहीच हटला तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि काही थेंब पातळ साबण, तेही ऊन उतरल्यावरच. दुपारी फवारलं तर पानं करपतात. कळ्यांना भोकं पडून त्या जाळ्याने चिकटलेल्या दिसल्या तर आत अळी आहे. अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून फेका, कुंडीत पाडू नका. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं असेल तर तो कीटक नाही, लोहाची कमतरता आहे. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरला एक ग्रॅम घेऊन फवारलं की पुढची फूट हिरवी येते.

कळ्या तोडायच्या त्या दुपार कलल्यावर. टपोरी, दुधासारखी पांढरी झालेली पण मिटलेली कळी त्याच रात्री उमलते. हिरवट छटा असलेली तोडली तर ती तशीच मिटून पिवळी पडते. देठ थोडं लांब ठेवा, नाहीतर गजऱ्याची गाठ सरकते. गजऱ्याला सुती दोरा भिजवून घ्यायचा. दोन कळ्या एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, देठं मधोमध एकमेकांवर. देठांभोवती दोऱ्याचा एक वेढा, मग बोटावर पीळ दिलेला फास देठांवरून घालून ओढायचा. फार आवळला तर देठ तुटतं. लगेच माळायचा नसेल तर ओल्या मलमलीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

माठात टाकायच्या असतील तर तीन-चार कळ्या धुऊन स्वच्छ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. जास्त वेळ राहिल्या तर पाण्याला कडवट, कुबट चव येते. झाडावर नुकतंच काही फवारलं असेल तर त्या कळ्या माठात नकोत. बाजारातल्या गजऱ्याची फुलं तर पाण्यात मुळीच टाकू नका, त्यांवर काय मारलंय ते कळायला मार्ग नसतो.

नवीन रोपासाठी पावसाची वाट पाहा. उन्हाळ्यात लावलेली काडी सुकते. जुलैत खालची एखादी लवचीक फांदी वाकवून, मातीत जाणाऱ्या पेराची साल थोडी खरवडून, शेजारच्या कुंडीत पुरायची आणि वर दगड ठेवायचा. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. फांदी हलके ओढून बघा. अडली तर आईपासून कापा, सहज सुटली तर पुन्हा पुरून ठेवा.