लेग चढवताना नटांनी ओढायचा नाही

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते आणि दिवाळ्याच्या बंदरावर आधी आमच्या कोळ्यांच्या होड्यांची घाई असते. ती ओसरली की स्पीडबोटवाल्यांचे फोन सुरू होतात. "दादा, लेग कधी बसवताय? शनिवारी मांडव्याला जायचंय." पावसाळ्याआधी लेग उतरवून ठेवलेला असतो आणि सगळ्यांना तो त्याच शनिवारी हवा असतो.

लेग म्हणजे स्टर्नड्राइव्ह. इंजिन बोटीच्या आत मागच्या फळीला लागून, आणि फळीबाहेर लटकणाऱ्या पायात गिअर, पंखा आणि सुकाणूचं काम. व्होल्वो पेंटाने १९५९ साली हा प्रकार बाजारात आणला. माझ्याकडे जास्त करून मर्क्रूझर कंपनीचा अल्फा वन येतो, म्हणून खालचं सगळं त्याच्याबद्दल. त्याच कंपनीच्या ब्राव्होत काही गोष्टी उलट आहेत, त्या त्या जागी सांगतो.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारसाठी मी लेग चढवायला घेतला. पाऊण इंच फट राहिली, पुढे जाईना. मालक घड्याळ बघत उभा. मी सहाही नट लावले आणि पान्याने एकेक करून लेग आत ओढून घेतला. फट मिटली, बोट गेली, पैसे मिळाले. दोन महिन्यांनी ती बोट समुद्रात थांबली. इंजिन फिरतंय, पंखा नाही. कपलरचे, म्हणजे लेगचा शाफ्ट ज्यात अडकतो त्या दातेरी भोकाचे, दात सपाट झाले होते. कपलर इंजिनाच्या फ्लायव्हीलला असतो, म्हणजे तो बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. ते काम मी फुकटात केलं.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. लेग हातानेच पूर्ण आत जायला हवा. नटाचं काम आवळायचं, ओढायचं नाही.

हाताने जायचा असेल तर आधी बोटीची बाजू तयार पाहिजे. बोट लाकडांवर सारखी टेकलेली आहे ना, ते बघा. मग बेलोज, म्हणजे ती रबराची घडीदार नळी. टॉर्च लावून दोन बोटांनी एकेक घडी उघडून बघा. भेग वरच्या कडेला दिसत नाही, ती घडीच्या तळात असते. क्रॉसवरचा, म्हणजे शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्यावरचा बेलोज फाटला तर पाणी आधी बेरिंगमध्ये जातं आणि नशीब वाईट असेल तर बोटीत. आमच्या खाडीत उभ्या बोटींच्या घड्यांत चिखल सुकून दगड होतो आणि त्याच्या कडांनी रबर कापलं जातं. शंका आली तर नवा बेलोज टाका.

मग गिंबल बेरिंग, म्हणजे शाफ्ट बोटीत शिरतो तिथलं बेरिंग. आत बोट घालून फिरवा. गुळगुळीत फिरलं तर ठीक, वाळू लागल्यासारखं वाटलं किंवा गंज दिसला तर बदला. गेल्या हंगामात सुकाणू वळवताना मागून घरघर येत होती का, हे मालकाला विचारा. तो आवाज बहुतेक याच बेरिंगचा असतो.

आता अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि लेगचा शाफ्ट एका रेषेत आणणं. इथे वेळ घालवा, बाकी सगळं त्यामानाने हमालीचं आहे. अलाइनमेंटचा दांडा मिळतो, लांब सरळ, पुढच्या टोकाला लेगच्या शाफ्टसारखेच दात. त्या दातांना पातळ ग्रीस लावा, थर सारखा ठेवा. दांडा बेरिंगमधून आत सरकवा. हे बेरिंग आपल्या जागी थोडं डुलतं, म्हणून दांड्याच्या बाहेरच्या टोकाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हलके ठोके द्या म्हणजे ते सरळ बसतं. मग दांडा कपलरमध्ये जाऊ द्या. दोन बोटांनी आतबाहेर झाला पाहिजे.

झाला तरी थांबा. दांडा न फिरवता सरळ बाहेर काढा आणि उजेडात धरा. ग्रीसवर कपलरच्या दातांचे ठसे उमटलेले असतात. चारी बाजूंना सारखे असतील तर जमलं. फक्त वर किंवा फक्त खाली ग्रीस खरवडलेलं असेल, तर इंजिनाचा पुढचा भाग उंच किंवा खाली आहे. इंजिन ज्यांवर टेकतं त्या पुढच्या दोन्ही माउंटचे नट सारखेच, पाव-पाव फेरा फिरवा, नवं ग्रीस लावा, परत दांडा घाला. ठसा बिघडला तर उलट बाजूला फिरवा. माझा भाचा तिसऱ्या वेळेला म्हणतो, "मामा, चालेल की आता." मी त्याला दांडा हातात देतो आणि ठसे मोजायला लावतो.

लेग टेबलावर असतानाच पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी चक्र) बदलून घ्या. अल्फामध्ये तो लेगच्या आत असतो, ब्राव्होत इंजिनावर. खाडीच्या गढूळ पाण्याने त्याची रबरी पाती लवकर झिजतात, आणि नंतर त्याच्यासाठी लेग परत उघडायचा कंटाळा येतो. क्रॉस हाताने हलवून बघा, ढिले नकोत. शाफ्टवरचे ओरिंग (गोल रबरी कड्या) नवे घाला. शाफ्टच्या दातांना कपलरचं खास ग्रीस, ओरिंगांना मरीन ग्रीस. लेग आणि बेल हाउसिंगच्या (लेग जिथे येऊन टेकतो त्या बोटीकडच्या भागाच्या) मधलं गॅस्केट आणि पाण्याच्या वाटेचं रबर नवं हवं. जुनं "अजून चांगलं आहे" म्हणून ठेवू नका.

गिअरकडे लक्ष. अल्फा चढवताना बोटीतला लिव्हर पुढच्या गिअरमध्ये आणि लेगही पुढच्या गिअरमध्ये पाहिजे. पंखा एका बाजूला कटकट करत फिरतो आणि दुसऱ्या बाजूला अडून वरचा शाफ्ट फिरवतो, म्हणजे लेग गिअरमध्ये आहे. ब्राव्होत दोन्हीकडे न्यूट्रल.

चढवायला दोन माणसं आणि चेन कुप्पी, म्हणजे साखळीची कप्पी. लेग सरळ लेव्हलमध्ये टांगा, क्रॉस हाताने सरळ धरून शाफ्ट बेलोजमधून, बेरिंगमधून आत घाला. बोल्ट सहा, ते भोकांत दिसले पाहिजेत. दात जुळत नसतील तर पंखा ज्या बाजूला शाफ्ट फिरवतो त्या बाजूला किंचित फिरवा. एकदम सरकतो. अल्फात त्याच वेळी गिअरचा दांडा समोरच्या खाचेत जातोय ना, तेही बघायचं.

शेवटचा भाग ओरिंगमुळे थोडा जड जातो, हे खरं. पण रबराचा अडथळा दाबला की हळूहळू जातो आणि लोखंडाचा ठक्क करून हाताला परत ढकलतो. ठक्क झालं की लेग बाहेर काढा आणि कारण शोधा. कारण नेहमी तीनच: दात जुळले नाहीत, गिअर जुळला नाही, नाहीतर अलाइनमेंट.

लेग आणि बेल हाउसिंगचे चेहरे एकमेकांना टेकले की लॉक नट लावा, मधल्यापासून सुरू करून आडवेतिडवे, टॉर्क रेंचने ५० फूट-पाउंड, म्हणजे ६८ न्यूटन-मीटर. ट्रिमचे (लेग वर-खाली करणारे) सिलेंडर जोडेपर्यंत कुप्पी सोडू नका. गिंबल बेरिंगला ग्रीसची निपल असेल तर तिथे ग्रीस मारा, ती उजव्या बाजूला असते.

लेगचं गिअर तेल खालच्या भोकातून पंपाने भरायचं, वरचं भोक उघडं ठेवून. बुडबुडे थांबून साफ तेल वरून येऊ लागलं की आधी वरचा प्लग लावा, मग पंप काढून पटकन खालचा. प्लगचे वॉशर नवे. भाचा एकदा खालचा वॉशर विसरला आणि पहिल्याच आठवड्यात पाणी शिरून तेल चहासारखं झालं.

पाण्याशिवाय इंजिन एक सेकंदही चालू करायचं नाही. लेगच्या पाणी ओढणाऱ्या जाळ्यांना कानटोप्या (रबरी कप) लावून होज जोडा आणि मगच स्टार्ट. गिअर पुढे-मागे टाकून बघा, सुकाणू दोन्ही टोकांना वळवून आवाज ऐका.

आम्ही बोट उधाणाच्या भरतीला पाण्यात सोडतो, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत रॅम्पखाली चिखलच असतो. सोडल्यावर पहिला तासभर मालकाला कुठेही जाऊ देत नाही. फळीच्या आतल्या बाजूला टॉर्च धरून बसतो, तळाला हात लावून बघतो ओलं आहे का. दुसऱ्या दिवशी तेलाची पातळी परत बघतो, आत अडकलेली हवा निघाल्यावर ती थोडी उतरते. तेवढं भरलं की चावी देतो.