डिप्रेशनच्या गोळ्या चालू, तरी थकवा जात नाही? मग झोप तपासा

काही महिने गोळ्या घेऊनही सकाळी अंगात त्राण नाही, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, आणि वर घरातले म्हणतात की तुझ्या घोरण्याने आम्हाला झोप येत नाही, असं असेल तर डोस वाढवायच्या आधी झोप तपासून घ्या. स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट निदान 10 सेकंद बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागं करतो, परत झोप, परत तेच, रात्रभर. आणि सकाळी आपल्याला काहीच आठवत नाही, घोळ इथेच होतो.

डिप्रेशन मोजायची पीएचक्यू-9 नावाची 9 प्रश्नांची यादी असते. त्यात झोप, थकवा, एकाग्रता असे प्रश्न आहेत, म्हणजे नुसता अ‍ॅप्निया असलेल्या माणसाचेही मार्क चढणार. अर्थात दोन्ही एकत्र असणं पण कॉमन आहे, त्यामुळे डिप्रेशन खोटं होतं असं लगेच धरू नका.

फरक ओळखायचा तर हे बघा: उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं, रात्री लघवीला दोन-तीनदा उठणं, गुदमरून जाग येणं. नुसत्या डिप्रेशनवाल्याला खूपदा थकूनही डोळा लागत नाही, अ‍ॅप्नियावाला मात्र पणजी-मडगाव बसमध्ये बसल्या बसल्या झोपतो (हुमण-शीत जेवून दुपारी काढलेली डुलकी यात मोजू नका, ती आपली गोंयची पद्धत!). बायकांचं अजून वेगळं, कित्येकींना मोठं घोरणं नसतंच, फक्त थकवा, डोकेदुखी, झोपमोड, म्हणून त्यांना टेन्शनचा शिक्का पटकन बसतो.

आता करायचं काय? रात्री मोबाईल उशाशी ठेवून आवाज रेकॉर्ड करा, किंवा घरच्यांना व्हिडिओ काढायला सांगा. घोरणं, मग शांतता, मग मोठा हुंदका देऊन श्वास, असं ऐकू आलं की ते डॉक्टरला दाखवा. मापपट्टीने मान मोजा, 40 सेंमीच्या वर असेल तर धोका वाढतो. अ‍ॅप्नियाचा धोका ओळखायला स्टॉप-बँग म्हणून 8 प्रश्न आहेत, 3 किंवा जास्त हो आले की झोपेची टेस्ट (स्लीप स्टडी) करायचीच. गोव्यात बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि मनोरुग्णांसाठीची आयपीएचबी दोन्ही आहेत, आयपीएचबीत औषधं चालू असतील तर तिथल्या डॉक्टरलाच घोरण्याबद्दल सांगा आणि कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडे चिठ्ठी मागा. थायरॉईड पण बघून घ्या, तोही असाच सुस्त करतो.

रिपोर्टमध्ये एएचआय बघायचा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला किंवा कमी झाला. 5 च्या खाली नॉर्मल, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, पुढे गंभीर.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. झोप येत नाही म्हणून मनाने झोपेची गोळी नको, आणि उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन असला तरी रात्रीचा ग्लास नको, दोन्हींनी घसा अजून सैल पडतो.

सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) दिलं तर पहिले काही दिवस मास्क नकोसा होतो, टीव्ही बघताना लावून सवय करा, गळत असेल तर साइज बदलून मागा. रात्री निदान 4 तास तरी लागलं पाहिजे, जितकं जास्त तितकं चांगलं. मशीनच्या ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या डब्यात) विहिरीचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घाला. पावसात आपल्याकडे बुरशी सगळीकडे चढते, तेव्हा नळी धुऊन नीट सुकवा, आणि लाईट जातेच, इन्व्हर्टरवर मशीन चालतं का ते आधीच बघा.

मशीनने खूप जणांचा मूडही सुधारतो, पण डिप्रेशनची गोळी स्वतःहून बंद करू नका. जीव नकोसा वाटला तर टेस्टची वाट बघायची नाही, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास. दोन-तीन महिन्यांनी पीएचक्यू-9 परत भरा आणि मशीनचा रिपोर्ट मानसोपचार डॉक्टरलाही दाखवा, गोळी कमी करायची की नाही ते त्यांना त्यावरून ठरवता येतं.