आधी आकाश वजा करा

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला सोडियमचा दिवा आणि ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची पट्टी) लावून 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा मोजल्या असतील, तर धूमकेतूचा वर्णपट, म्हणजे रंगारंगांत फोडलेला त्याचा प्रकाश, वाचायची सुरुवात तुम्ही केलेलीच आहे. मी तो प्रयोग जर्नलवर सही मिळवण्यापुरता उरकला होता, आणि ते पुढे चांगलंच नडलं.

नागपुरात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी दुसऱ्या ताऱ्यांकडून आलेले धूमकेतू हा विषय घेतला. असे पाहुणे आजवर तीनच सापडलेत. 2017च्या ओउमुआमुआभोवती वायू दिसलाच नाही. म्हणजे वर्णपटासाठी उरले दोन, 2019चा बोरिसोव्ह आणि जुलै 2025चा ॲटलस.

स्वतःची दुर्बीण लागत नाही. मोठ्या वेधशाळांची जुनी निरीक्षणं त्यांच्या अर्काइव्हमधून फुकट उतरवता येतात. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातलं खगोलशास्त्राचं ॲस्ट्रोपाय हे पॅकेज मात्र मन लावून शिका. मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, रात्री दोनला मला 557.7 नॅनोमीटरवर ठळक हिरवी रेषा दिसली. ऑक्सिजन! सकाळी सरांनी एवढंच विचारलं, "आकाश वजा केलंस का?" नव्हतं केलं, म्हणजे आकाशाचा स्वतःचा प्रकाश वर्णपटातून काढला नव्हता. ती रेषा आपल्याच वातावरणाची होती. रात्रीचं आकाश त्या रंगात मंद चमकत असतं. धूमकेतूही ती देतो, पण त्याच्या वेगामुळे ती फार तर एखाद-दोन दशांश नॅनोमीटर सरकते. माझ्या वर्णपटात त्या दोन रेषा वेगळ्या दिसणं शक्यच नव्हतं.

आकाश गेलं की सूर्य काढायचा. धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश सगळ्या वर्णपटात पसरलेला असतो. सूर्यासारख्या ताऱ्याचा वर्णपट योग्य प्रमाणात घेऊन तो वजा करतात. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी, आणि माझ्या मते खरं शिक्षण इथेच होतं. मग 388 नॅनोमीटरला सायनोजन (कार्बन-नायट्रोजनचा रेणू) आणि 516च्या आसपास द्विअणू कार्बनचे पट्टे वर येतात. बोरिसोव्हमध्ये आधी सायनोजनच सापडला. लडाखमधल्या हानले आणि माउंट अबूच्या दुर्बिणींनीही त्याचे वर्णपट घेतले होते, म्हणजे हे काम आपल्या देशातूनही होतं.

बोरिसोव्हमध्ये कार्बन मोनॉक्साइड आपल्या सूर्यमालेतल्या बहुतेक धूमकेतूंपेक्षा खूप जास्त निघाला. हा वायू गोठायला भयंकर थंडी लागते, म्हणून बोरिसोव्ह त्याच्या मूळ ताऱ्यापासून फार लांब घडला असावा. ॲटलसमध्ये जेम्स वेब दुर्बिणीला ऑगस्ट 2025मध्ये पाण्याच्या सुमारे आठपट कार्बन डायऑक्साइड दिसला. त्याचा 4.3 मायक्रॉनचा पट्टा आपली हवाच गिळते. तिथे वजाबाकीही चालत नाही, अवकाशातच जावं लागतं.

नवख्यांनी थेट या अंधुक पाहुण्यांना हात घालू नये. आधी आपल्याच सूर्यमालेतला 2020चा निओवाइज धूमकेतू घ्या. त्यात सोडियम ठळक होता. जर्नलमधल्या त्या दोन पिवळ्या रेषा तिथे शोधा, आणि त्यातलं आकाशाचं सोडियम किती, ते आधी काढा.